रंग स्वस्त, रिकामे महिने महाग

"पोरगं चित्रं भारी काढतंय खरं, पुढं काय?"

कडोली, काकती, अगसगे, जाफरवाडी या पट्ट्यातल्या घराघरांत हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात खरे तर दोन आकडे असतात. एक, किती पैसे घालावे लागतील. दुसरा, ते कधी परत येतील. पहिल्या आकड्याची चर्चा रंगांच्या दुकानात, क्लासच्या दारात, कॉलेजच्या प्रवेशखिडकीवर होत राहते. दुसऱ्याची कुठेच होत नाही, आणि घर अडचणीत येते ते त्याच ठिकाणी. मुलगी किंवा मुलगा कलेचे शिक्षण पुरे करून घरी येतो, काम हळूहळू मिळू लागते, पण महिन्याला हात भरेल इतके मिळायला वेळ लागतो. त्या मधल्या काळाची तरतूद कुणी केलेली नसते. मग दीड वर्षात ब्रश बाजूला पडतो आणि नातेवाईक म्हणतात, "आम्ही सांगितलंच होतं."

म्हणून हा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करावा, असे माझे मत आहे. पण वाचकाच्या सोयीसाठी मांडणी लहानपणापासूनच करतो. खालचे वस्तूंचे भाव बाजारातल्या साधारण पट्ट्याचे आहेत. खरेदीआधी बेळगावात दोन दुकानांत विचारून घ्यावे.

दहा वर्षांपर्यंत जवळजवळ फुकट

आपल्या भागातल्या मुलांना एक गोष्ट आयती मिळते. दिवाळीत गल्लीगल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात, शिवजयंतीच्या मिरवणुकीला चित्ररथ निघतात, गणपतीच्या आधी दोन-तीन महिने मूर्तिकारांच्या शेडमध्ये रंगकाम चालू असते. बुरुजाची गोलाई, तटाचा उतार, मावळ्याच्या अंगावर पडणारी सावली हे सगळे मूल तिथे हाताने शिकते, आणि त्याची फी नसते. ओळखीच्या मूर्तिकाराकडे सुट्टीत तास-दोन तास बसू द्या. आखणी करणारा माणूस मूर्तीच्या डोळ्यांवर एका दमात रेषा कशी ओढतो, हे पाहिलेल्या मुलाला रेषेविषयी वेगळे सांगावे लागत नाही.

या वयात पालक पैसे चुकीच्या जागी घालतात. चाळीस रंगांची चकचकीत पेटी येते आणि कागद मात्र जुन्या वहीचा. उलट करा. बारा रंगांची विद्यार्थी दर्जाची ट्यूबची पेटी शंभर ते अडीचशे रुपयांत मिळते, दोन गोल ब्रश आणि एक चपटा ब्रश दीड-दोनशेत. उरलेले पैसे कागदावर घालवा: कार्ट्रिज कागदाचा ए-३ आकाराचा गठ्ठा किंवा स्केचबुक दीडशे ते तीनशेपर्यंत. मूल भरपूर काढते की नाही, एवढेच या वयात पाहायचे असते, आणि महाग कागद समोर आला की मूल काढायला बिचकते. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत वर्षाला तीन हजार धरले तरी सामानाचे अठरा हजार होतात. त्याहून जास्त होत असतील तर दुकानदार हुशार आहे असे समजा.

क्लास लावायचा का? सातवी-आठवीपासून लावला तर उपयोग होतो, त्याआधी फारसा नाही. बेळगावात महिन्याला पाचशेपासून दीड हजारापर्यंत फी असते. फी भरण्याआधी एकच गोष्ट बघा: भिंतीवर मुलांची कामे लावली आहेत, ती एकमेकांसारखी दिसतात का? सगळ्यांच्या डोंगरामागून तोच सूर्य उगवत असेल, तर तो क्लास बक्षिसांसाठी चालतो. समोर वस्तू ठेवून, किंवा माणूस बसवून काढायला लावणारा मास्तर सापडला तर थोडे लांब पडले तरी तिथे पाठवा. मुलगी असेल तर जाण्यायेण्याचा खर्च शून्य होतो. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. पुढे कोल्हापूरला शिकायला जायचे झाले तर ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, हे लक्षात ठेवा; महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीत महिलांना अर्धे तिकीट पडते.

परीक्षांबद्दल गोंधळ फार आहे. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा आहेत, कर्नाटकात लोअर आणि हायर ग्रेडच्या आहेत. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण, ब ला पाच, क ला तीन, असे जे ऐकू येते ते महाराष्ट्र बोर्डाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपली मुले एसएसएलसी देतात. त्यांना हे गुण मिळत नाहीत. तरीही पुढे महाराष्ट्रात कलाशिक्षण घ्यायचे असेल तर ही परीक्षा द्यावी, कारण वस्तुचित्र आणि स्मरणचित्राचा सराव तिथे होतो आणि प्रवेश परीक्षेत तेच विचारतात.

दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, एक शिष्यवृत्ती आहे. वर्षाला छत्तीसशे रुपये, शिवाय शिकवणाऱ्याची फी वर्षाला नऊ हजारांच्या मर्यादेत परत मिळते. त्यात नृत्य-संगीताबरोबर चित्र आणि शिल्पही बसते. आपल्या भागातून नाचगाण्यासाठी अर्ज जातात, चित्रासाठी कमी जातात. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन बसा आणि अर्ज भरून घ्या.

बेळगावातून निघालेला एक रस्ता

आपल्या डोळ्यांसमोर उदाहरण हवे तर ते दूरचे नाही. रवी परांजपे १९३५ साली बेळगावात जन्मले. चित्रकलेचा पाया त्यांनी इथेच, के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली घातला. मग मुंबईत जाहिरातींच्या जगात नोकरी, काही काळ आफ्रिकेत नैरोबीला काम, आणि परत येऊन स्वतंत्र व्यवसाय. पुस्तकांची, मासिकांची चित्रे त्यांनी केलीच. शिवाय वास्तुविशारदांसाठी अजून न बांधलेल्या इमारती कशा दिसतील याची चित्रे काढण्यात नाव कमावले. शेवटची वर्षे ते पुण्यात होते. २०२२ मध्ये गेले. 'ब्रश मायलेज' या आत्मचरित्राचे नावच सांगते की त्यांनी स्वतःच्या कामाकडे किती ब्रश चालवला या मापाने पाहिले.

घरखर्चाच्या नजरेने हा रस्ता बघा. आधी गावातला चांगला गुरू, मग पगाराची नोकरी, मग परदेशातला पगार, आणि त्यानंतर स्वतंत्र काम. स्वतंत्र झाल्यावरही त्यांनी एक गिऱ्हाईकवर्ग असा धरला ज्याच्याकडे पैसे होते आणि ज्याला चित्र लागतच होते. बिल्डरला इमारत विकायची असते, त्याआधी ती दाखवायची असते. गॅलरीत कुणी विकत घेईल का याची वाट पाहत बसण्यापेक्षा हा धंदा पक्का होता, आणि त्याच्या आधारावर मनाची चित्रे काढता आली.

जुन्या पिढीतही हेच दिसते. कोल्हापूरचे एम. व्ही. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या आयुष्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' आहे. शिक्षकाचा पगार चालू होता म्हणून बाहेरची असंख्य कामे त्यांना स्वतःच्या अटींवर घेता आली. गोव्यातून आलेल्या दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) दुसरी युक्ती केली: १९४५ मध्ये 'दीपावली' हा अंक स्वतःच काढला. मुखपृष्ठ काढणारा आणि अंकाचा मालक एकच झाला. या तिघांत एकानेही कॉलेज सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी घरात स्टुडिओ उघडून गिऱ्हाईकाची वाट पाहिली नाही. आपल्याकडे मात्र 'स्वतंत्र' म्हणजे तेच असते असे मुलांना वाटते.

कॉलेज: फीपेक्षा खानावळ जास्त

पर्याय दोन्ही राज्यांत आहेत. महाराष्ट्रात मुंबईचे जे. जे. (स्थापना १८५७), जवळ कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज. कर्नाटकात म्हैसूरची चामराजेंद्र अकादमी, बेंगळुरूची चित्रकला परिषद; हुबळी-धारवाडकडेही कला महाविद्यालये आहेत. पदवी चार वर्षांची. महाराष्ट्रातल्या पदवी प्रवेशाला एएसी-सीईटी द्यावी लागते. त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असते.

सीमाभागातल्या मुलांसाठी महत्त्वाचे: महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळा उमेदवारी प्रकार आहे. त्यासाठी गाव यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. हे दाखले प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून मिळत नाहीत. बारावीच्या सुट्टीआधीच काढून ठेवा, आणि माहितीपुस्तिकेत कलाशाखेला तो प्रकार कसा दिला आहे ते वाचून मगच फॉर्म भरा.

आता पैसे. सरकारी आणि अनुदानित संस्थांची फी वर्षाला काही हजारांत बसते. खाजगी महाविद्यालयात पन्नास हजार ते लाखावर जाते, आणि खाजगी विद्यापीठांत डिझाइनच्या नावाखाली तीन-चार लाख वर्षाला मागतात. पण फीकडे बघून निर्णय घेऊ नका. कोल्हापुरात खोली आणि मेस मिळून महिन्याला आठ हजार धरा. वर्षाचे दहा महिने, चार वर्षे: तीन लाख वीस हजार. पुणे-मुंबईत याच्या दीड-दुप्पट. सामानाला वर्षाला पंधरा-वीस हजार लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी कॅनव्हास सुरू झाले की जास्तच. सरकारी कॉलेज असले तरी चार वर्षांना चार-साडेचार लाख लागतात. त्यात फीचा वाटा सगळ्यात लहान असतो.

शैक्षणिक कर्ज घ्यायचे तर बँका साधारण चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. दहा टक्क्यांनी चार लाख, सात वर्षांत फेडायचे, तर हप्ता सुमारे सहा हजार सहाशे चाळीस रुपये येतो, आणि शिकत असतानाचे व्याज वर चढते ते वेगळे. हा हप्ता नेमका त्या रिकाम्या महिन्यांत सुरू होतो. खाजगी डिझाइन कॉलेजसाठी दहा-बारा लाखांचे कर्ज काढून मग स्वतंत्र चित्रकार व्हायचे, हे गणित मला बसत नाही. एवढे कर्ज असेल तर आधी नोकरी करा.

टॅब्लेट कधी घ्यावा

पहिल्या वर्षात तर नकोच. पुस्तकांची, जाहिरातींची कामे आता संगणकावरच द्यावी लागतात हे खरे, पण साधा पेन टॅब्लेट तीन ते सात हजारांत मिळतो आणि घरच्या जुन्या लॅपटॉपला जोडता येतो. क्रिता हे चित्रांचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि व्यावसायिक कामाला पुरते. पडद्यावरच काढता येणारे टॅब्लेट पंधरा-पंचवीस हजारांना, आणि आयपॅड पेन्सिलसह चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास. घ्यायचे तर पहिल्या दोन-तीन बिलांच्या पैशांतून घ्या. महाग यंत्र आधी आणि काम नंतर, हा क्रम बहुतेक घरांत भांडणाला कारण होतो.

हाताने काढणाऱ्यांनी कागदात काटकसर करू नये. विकायचे जलरंग तीनशे जीएसएमच्या सुती कागदावरच काढा. विद्यार्थी दर्जाचे रंग उन्हात फिके पडतात. गिऱ्हाईकाच्या दिवाणखान्यात तीन वर्षांनी चित्र उडाले तर तो चारचौघांत सांगत सुटतो. विक्रीच्या कामाला कलाकार दर्जाचे रंग, सरावाला विद्यार्थी दर्जाचे, असे दोन डबे वेगळे ठेवा.

रिकाम्या महिन्यांचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. समजा, पदवी घेऊन मुलगी कडोलीत परत आली आणि घरूनच काम करणार आहे. तिचा महिन्याचा खर्च मांडू. जेवणखाण, प्रवास, कपडे, घरात द्यायचे मिळून बारा हजार. रंग-कागद तीन हजार. वीज आणि इंटरनेट दीड हजार. लॅपटॉप-टॅब्लेट मिळून ऐंशी हजारांचे धरले आणि चार वर्षांत झिजले म्हटले तर महिन्याला सुमारे सतराशे. आरोग्य विमा आणि थोडी बचत अडीच हजार. बेरीज वीस हजार सातशे.

महिन्याचे पंचवीस दिवस ती काम करेल, पण त्यातल्या सगळ्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. गिऱ्हाईक शोधणे, फोन, नमुने, दुरुस्त्या, बेळगावच्या खेपा यात अर्धे दिवस जातात. पैसे देणारे दिवस बारा धरा. वीस हजार सातशेला बाराने भागले की सतराशे पंचवीस. हा तिचा एका दिवसाचा खर्च, नफा नव्हे. दोन दिवस लागणारे चित्र साडेतीन हजारांच्या खाली दिले तर ती पदरचे घालते. 'ओळखीतलं आहे, पाचशेत करून दे की' या वाक्याला उत्तर द्यायला हा आकडा पाठ असावा.

हेच काम पुण्यात खोली घेऊन केले तर खर्च सहज पस्तीस हजारांवर जातो आणि दिवसाचा दर सुमारे एकोणतीसशे होतो. म्हणजे कडोलीत राहिल्याने दर दिवशी बाराशे रुपयांचा आधार मिळतो. पुण्या-मुंबईचे प्रकाशक काम मेलवर मागतात, फाइल मेलवर घेतात. चित्रकार कुठल्या गल्लीत बसला आहे ते त्यांना कळतही नाही. मग दरही पुण्याचाच मागावा. गावात राहतो म्हणून स्वस्त द्यायचे, ही चूक पुष्कळ मुले करतात आणि आपला आधार दुसऱ्याच्या खिशात घालतात.

आता पहिली दोन वर्षे. पहिल्या वर्षी काहीच मिळाले नाही असे धरा, दुसऱ्या वर्षी निम्मे. पहिल्या वर्षाचे दोन लाख अठ्ठेचाळीस हजार, दुसऱ्या वर्षाचे सव्वा लाख. मिळून तीन लाख बहात्तर हजारांच्या आसपास. पाचवी ते दहावीचे सगळे रंग-कागद अठरा हजार, सातवी ते दहावी चार वर्षे क्लास लावला तरी त्याचे जास्तीत जास्त बहात्तर हजार. आणि या दोन वर्षांचे पावणेचार लाख. घरात राहते म्हणून जेवणाचा खर्च दिसत नाही, पण तो कुणीतरी भरतोच.

ही रक्कम उभी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दोन-तीन वर्षांची नोकरी: जाहिरात संस्था, छापखाना, शाळेत कलाशिक्षक, ॲनिमेशन किंवा पॅकेजिंगचा स्टुडिओ. नोकरीत दर, मुदती, छपाईचे तंत्र आणि लोक कळतात. हे सगळे कॉलेज शिकवत नाही. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांसाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, महिन्याला पाच हजार, दोन वर्षे; तिचा अर्ज जरूर करा, पण मिळेलच असे धरून हिशेब मांडू नका. मुद्रा कर्जाच्या शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत मिळते, ते यंत्रासाठी ठीक, पोटासाठी नको. पीएम विश्वकर्मा योजनेचे नाव पुष्कळ जण घेतात. तिच्या अठरा व्यवसायांत मूर्तिकार आहे, चित्रकार नाही. मूर्तिकामही करणाऱ्याने मात्र ती सोडू नये: अवजारांसाठी पंधरा हजार, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख.

जवळचे काम, आणि विसार

पहिली कामे बहुधा गावातूनच येतात. कडोलीचे मराठी साहित्य संमेलन, तसेच येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा इथली संमेलने. त्यांना व्यासपीठामागचा पडदा, निमंत्रणपत्रिका, स्मरणिकेचे मुखपृष्ठ लागते. शिवजयंतीचे चित्ररथ, अंगणवाडीच्या भिंती, वडिलांच्या फोटोवरून व्यक्तिचित्र. यातली काही कामे समाजाची म्हणून फुकट करावी लागतील. वर्षाला किती करायची ते आधीच ठरवा, म्हणजे नाही म्हणताना अवघड जात नाही. वाढदिवसाचे फलक, लग्नपत्रिका, स्वस्त लोगो यांच्या नादी लागू नका. ते काम मोबाइलने खाल्ले आहे.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांनी किंवा त्यांचे डिझाइन करणाऱ्यांनी कन्नड अक्षरलेखन शिकावे. कर्नाटकात पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. राजकारण बाजूला ठेवा. दोन्ही लिप्या सुबक लिहिणारा हात बेळगावात कमी आहे आणि त्याला काम मिळते.

काम कुठलेही असो, विसार घेतल्याशिवाय ब्रश भिजवू नये. निम्मे आधी, निम्मे देताना. दुरुस्त्या दोन फेऱ्या, तिसऱ्या फेरीला वेगळे पैसे. हे सगळे व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहून समोरच्याचा होकार घ्या.

चित्र विकले की हक्कही विकला?

नाही, पण अपवाद कळायला हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्र चित्रकाराने काढलेल्या चित्राचा हक्क पहिल्यांदा त्याचाच असतो. नोकरीत काढलेले चित्र मालकाचे. आणि पैसे देऊन काढून घेतलेले चित्र किंवा व्यक्तिचित्र, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचे. म्हणजे कुणाच्या आजोबांचे चित्र काढले असेल तर त्याच्या छापील प्रती विकण्याआधी त्या घराची परवानगी घ्या; आणि कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ पैसे घेऊन काढणार असाल तर हक्क तुमच्याकडेच राहील असे आधी लिहून घ्या, तरच प्रकाशक ते चित्र पिशव्यांवर छापू लागला तर तुम्ही विचारू शकता.

तुमच्याकडे असलेला हक्क लेखी दिला तरच जातो. लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर भारत एवढाच धरतात. 'सर्व हक्क कायमचे' असे छापलेला कागद समोर आला की सही करण्याआधी तिप्पट पैसे मागा. बहुतेक वेळा 'कायमचे' खोडले जाते. चित्राची नोंदणी सक्तीची नाही. करायची तर एका कलाकृतीला पाचशे रुपये, वस्तूंवर वापरायची असेल तर दोन हजार. प्रत्येक चित्राची नोंदणी करत बसू नका. मूळ फाइल, तारखेसह मेल आणि कच्ची रेखाटने जपली तरी भांडणात पुष्कळ उपयोग होतो.

प्रदर्शन कधी भरवावे

घाईने तर नाहीच. मुंबईच्या जहांगीर गॅलरीचे (१९५२) सगळ्यांना आकर्षण असते, पण अर्ज केल्यापासून तारीख मिळेपर्यंत वर्षे जातात, आणि भाड्याशिवायचा खर्च लोक विसरतात. वीस चित्रे, दर फ्रेमला दीड हजार धरले तर तीस हजार तिथेच गेले. मग टेम्पो, आठवडाभर दोघांचे राहणे, पत्रिका, उद्घाटनाचा चहा. भाडे सोडून लाखाच्या घरात पोहोचतात. व्यापारी गॅलरी भाडे घेत नाही, पण विक्रीतले तीस ते पन्नास टक्के ठेवते.

सुरुवातीला जवळच करा. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात के. बी. कुलकर्णी यांच्याच नावाचे कलादालन आहे. कोल्हापुरात दसरा चौकातले शाहू स्मारक भवन. बेंगळुरूला जानेवारीत चित्रकला परिषदेची चित्रसंते भरते, एक दिवस, रस्त्याच्या दोन्ही कडांना. हजारो लोक विकत घ्यायच्या तयारीने येतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीत पोहोचता येते, फ्रेमशिवाय गुंडाळी नेता येते. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा, आत ठेवली तर रंगाला भेगा पडतात. आधीच्या वर्षीच अर्जाची वेळ बघून ठेवा.

व्हॉट्सॲपवर 'आंतरराष्ट्रीय कला पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क तीन हजार' असे येते. पुरस्कार देणारा पैसे मागत असेल तर तो प्रमाणपत्राचा दुकानदार आहे. पैसे गेलेच असतील, किंवा ऑनलाइन कोर्सने फसवले असेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याचा पुरावा जवळ हवा.

कर, आणि थकलेले पैसे

सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही; पुण्याच्या प्रकाशकाला बेळगावातून रेखाटने दिली तरीही नाही. मूळ चित्र विकणे हा मात्र मालाचा व्यवहार आहे आणि दुसऱ्या राज्यात माल पाठवण्याचे नियम वेगळे आहेत. हाताने काढलेल्या चित्रांना हस्तकलेच्या यादीची सवलत आपल्या बाबतीत कशी लागू होते ते सीएला विचारून घ्या. चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्के झाला आहे. पुष्कळ कंपन्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापतात. तो बुडाला असे समजू नका. विवरणपत्र भरा, उत्पन्न कमी असेल तर पैसे परत मिळतात. पॅन दिला नाही तर कपात वीस टक्के होते.

उद्यम नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. सायबर कॅफेवाला हजार रुपये मागत असेल तर उठून दुसरीकडे जा. या नोंदणीचा खरा उपयोग पैसे थकल्यावर होतो. नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते, आणि त्यासाठी सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचा इथे उपयोग नाही, कारण या व्यवहारात तुम्ही ग्राहक नसून विकणारे आहात.

बिलाच्या खाली उद्यम क्रमांक आणि 'पंचेचाळीस दिवसांत' ही ओळ पहिल्या बिलापासून छापा. आणि पोर्टलवर जाण्याआधी एकदा फोन करा. दिवाळी अंकांचे चेक बहुतेक फोनवरच सुटतात.